बंद झाकणाचं पाणी

माझ्या गुळाच्या पोळ्या मला कचऱ्याच्या टोपलीत सापडल्या.

संक्रांतीचा कार्यक्रम आटोपला होता. एर्लांगेनमधल्या पोर्तुगीज क्लबच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचे कार्यक्रम होतात. लोक कोट चढवत होते, एकमेकांना डबे भरून देत होते. मी किचनमध्ये कचरा बांधायला गेलो. तपकिरी टोपलीचं झाकण उचललं. या टोपलीत बिओम्युल टाकायचा, म्हणजे भाज्यांची सालं, उष्टं, चहाचा चोथा. सगळ्यात वर माझ्या पोळ्या होत्या. गठ्ठा जसाच्या तसा. एकीचाही तुकडा मोडलेला नव्हता. त्यांच्यावर कुणीतरी चहाचा चोथा टाकला होता.

शेजारी पिवळी पिशवी. प्लास्टिक आणि पत्र्याची. तिच्यात माझी फॉइल. घडी केलेली.

म्हणजे कुणीतरी गठ्ठा हातात घेतला. फॉइल सोडवली. पोळ्या इकडे, फॉइल तिकडे. जर्मनीचा नियम पाळला. माणसाला टाकून दिलं, पण कचरा वेगळा करायला विसरले नाहीत. शिकलेली माणसं.

कुणी टाकल्या ते मला विचारावं लागलं नाही. आल्या आल्या तो गठ्ठा मी मेधाताईंच्या हातात दिला होता. मेधाताई आमच्या मंडळाच्या सेक्रेटरी. पुण्याच्या. इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. गोड बोलणं, सगळ्यांच्या बाळंतपणाला, घर बदलायला धावून जाणं. त्या म्हणाल्या होत्या, "अरे वा, कशाला एवढा त्रास घेतलात? आत ठेवते हं, वाढताना काढू." वाढताना टेबलावर बाकीच्यांच्या पोळ्या आल्या, लाडू आले, खिचडी आली. माझ्या आल्या नाहीत. मला वाटलं, गडबडीत विसरल्या असतील. दारात त्या सगळ्यांना तिळगूळ देत होत्या. मलाही दिला. मी खाल्ला. त्यांच्या हातचा.

मी टोपलीपुढं उभा असतानाच मनुएल आत आला. मनुएल म्हणजे या पोर्तुगीज क्लबचा कर्ताधर्ता. मी ज्या कंपनीत एमआरआय यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासतो, तिच्याच वर्कशॉपमध्ये तो उभा जन्म राबला. रिटायर झाला आणि पूर्ण वेळ क्लबमध्ये राहू लागला. आमच्या मंडळाला हा हॉल मिळाला तो त्याच्या माझ्या ओळखीमुळं. त्याआधी मंडळ कधी शाळेच्या जिममध्ये, कधी चर्चच्या तळघरात. मनुएलनं हॉलची चावी मंडळाला दिली नाही, मला दिली. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला दार मी उघडतो आणि दार मी लावतो.

त्यानं टोपलीत डोकावलं. जर्मनमध्ये म्हणाला, "हे काय? चांगलं दिसतंय की."

मी म्हणालो, "करपलं होतं."

खोटं बोललो. कुणाला वाचवायला? ज्यांनी टाकलं त्यांना. आपल्या लोकांची लाज एका परक्यापुढं उघडी पडू नये म्हणून. आपले लोक. हा शब्द मी तेव्हाही मनात वापरला, याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

पोळ्या मीच करतो आमच्याकडे. माझी बायको सुजाता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, तिच्या ड्यूट्या वेड्यावाकड्या. आणि स्वयंपाक मला आवडतो. अकोल्याला आईच्या शेजारी बसून शिकलो. सारण कोरडं झालं की पोळी फुटते, सैल झालं की तव्यावर गूळ पाझरतो. इथल्या मैद्यासारख्या पिठात तर ते फारच नाजूक काम. आदल्या दिवशी दुपारभर लाटत बसलो होतो. सोमवारी घरी उरलेल्या पोळ्या ऑफिसात नेल्या. माझ्या जर्मन बॉसनं दोन खाल्ल्या आणि बायकोसाठी एक मागून नेली.

आता मागची गोष्ट सांगतो, नाहीतर समजणार नाही.

मंडळात आलो तेव्हा पहिली दोन वर्षं सगळ्यांनी माझ्या हातचं खाल्लं. आवडीनं. दिवाळीला मी भरल्या वांग्याची भाजी केली होती. मेधाताईंनी तीनदा वाढून घेतली. "रेसिपी द्या हं," म्हणाल्या. आमचं आडनाव गावाच्या नावावरून पडलेलं. त्यावरून काही कळत नाही. मी लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण कार्यक्रमात माझ्या तोंडून "नमस्कार" निघायचा. घरी फोनवर निघतो तो "जय भीम" तिथं कधी निघाला नाही, हेही खरं.

मग मुलीचा वाढदिवस आला. संघमित्रा तिचं नाव, आम्ही मित्रा म्हणतो. मेधाताई घरी आल्या, सोबत पुण्याहून आलेल्या त्यांच्या सासूबाई. हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, खाली बुद्धाची लहानशी मूर्ती. दोघी सोफ्यावर बसल्या. फोटोकडे पाहिलं. सासूबाईंनी मेधाताईंकडे पाहिलं. सुजातानं चहा आणला.

"अगं नको, आत्ताच घेऊन निघालो," मेधाताई म्हणाल्या. मग फोटोकडे बघत हसून म्हणाल्या, "छान आहे हं तुमचं घर. किती नीटनेटकं ठेवलंय!"

नीटनेटकं. सुजाता ते कप परत आत घेऊन गेली. त्या गेल्यावर म्हणाली, "अहो, चहा तसाच राहिला बघा." मी म्हणालो, "घेऊन आल्या असतील." मी असा. समजूत काढण्यात हुशार. स्वतःची.

पुढच्या कार्यक्रमाच्या आधी फोन आला. "तुम्ही दोघंही नोकरीवाले, दमता. स्वयंपाकाचं काही आणू नका हं. तुम्ही असं करा, पाण्याचे क्रेट आणा. आणि पेपर प्लेट." मला बरं वाटलं. खरंच सांगतो, बरं वाटलं. किती काळजी करतात. त्यानंतर गणपतीला पाणी. दिवाळीला पाणी आणि ज्यूसचे खोके. कोजागिरीला वेफर्सची पाकिटं. पाडव्याला पाणी आणि पेपर नॅपकिन. मी कधी सायकलच्या मागच्या गाडीत, कधी बसनं क्रेट लादून आणायचो, हॉलचं कुलूप उघडायचो, टेबलं मांडायचो. कार्यक्रम संपला की रिकाम्या बाटल्या दुकानाच्या मशीनमध्ये परत करायचो. वर्षानुवर्षं.

मंडळातले बाकीचेही नोकरीवालेच. तेही दमतात. हे माझ्या डोक्यात आलं नाही. या संक्रांतीला तर पाण्यासोबत, कुणी न सांगता, पोळ्याही नेल्या, हौसेनं.

त्या वेळी जेवताना गप्पा कसल्या चालायच्या ते ऐका. जर्मन लोक आपल्याला कसे वागवतात. घरमालक कसे फोनवर नाव ऐकूनच नाही म्हणतात. एकदा मेधाताईंनी सांगितलं, सुरुवातीला एका घरमालकिणीनं त्यांना तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या जेवणाचा वास भिंतींना लागतो, माझं घर खराब होईल. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपण काय माणसं नाही का?" म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर पाण्याची बाटली ठेवली. त्यांनी सील तोडलं आणि घोटभर प्यायल्या.

पोळ्यांच्या त्या दिवशी बसस्टॉपवर आम्ही तिघं उभे होतो. थंडी हाडात शिरत होती. पोळ्यांचं मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मित्रा माझ्या हातातल्या रिकाम्या क्रेटकडे बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. म्हणाली, "पापा, वारूम इमर नूर वासर?"

म्हणजे, आपण नेहमी फक्त पाणीच का?

नऊ वर्षांची पोर. मला तिथं उभ्या उभ्या सगळं दिसलं. पाणी, ज्यूस, वेफर्स, नॅपकिन. सगळं बंद. कारखान्यातून आलेलं, झाकण लावलेलं, पाकीट चिकटवलेलं. माझा हात बाहेरून लागेल, आत लागणार नाही असं. हॉलचं कुलूप मी उघडलेलं चालत होतं. बाटली मी उघडलेली चालणार नव्हती.

माझ्या आईला तिच्या लहानपणी गावात वरून पाणी ओतायचे. ओंजळ खाली, तांब्या वर. ती ते सांगायची तेव्हा मला वाटायचं, ती एक गेलेली गोष्ट आहे. मी शिकलो, पुण्याला गेलो, जर्मनीत आलो. आणि इथं पाणी वाहून आणायचं काम माझ्याकडेच आलं. फक्त सील शाबूत पाहिजे.

रात्री सुजाताला सांगितलं. ती मित्राचं पांघरूण सारखं करत होती. मग म्हणाली, "मला चहाच्या दिवशीच कळलं होतं. तुम्हाला दुखेल म्हणून बोलले नाही." आणि मग, "सोडा ते मंडळ. आपली माणसं काय कमी आहेत? येनात आहेत, बॉनमध्ये आहेत. आपण आपली जयंती करतोच की."

करतो. दर एप्रिलला कुणाच्या तरी घरी जमतो. पण येना काय, बॉन काय, वर्षातून एकदा जायची गावं. मित्राची मराठी रविवारच्या वर्गातच होते. मंडळाचा वर्ग, याच हॉलमध्ये. माझ्या आईला जर्मन येत नाही. व्हिडिओ कॉलवर आई विचारते, "जेवली का माय?" आणि ही मान हलवते. दोघी हसतात. बोलणं संपतं. या वर्गामुळं आता कुठं चार शब्द तोंडातून निघायला लागले होते. मंडळ सोडायचं म्हणजे तेही सोडायचं. आणि मित्राला कारण काय सांगायचं? तिच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलं नव्हतं.

मार्चमध्ये क्लबच्या किचनची साफसफाई होती. मनुएलला गुडघ्यामुळं वाकता येत नाही, म्हणून मी दर वर्षी मदतीला जातो. शेगडीच्या मागचं तेल खरवडताना तो बोलत होता. पहिल्यांदा आला तेव्हा कंपनीच्या वसतिगृहात एका खोलीत चौघं. शनिवारी ते खारवलेला मासा शिजवायचे. गावाकडून आणलेला, लाकडासारखा वाळलेला. वास सगळ्या जिन्यात. एका शनिवारी वॉर्डन आला, उकळतं भांडं उचललं आणि बाहेर बर्फात ठेवून दिलं. "आम्ही चौघं खिडकीतून बघत होतो," मनुएल म्हणाला. "भांड्याभोवतीचा बर्फ वितळत गेला." मग त्यांनी रेल्वेलाईनजवळची ही जुनी शेड घेतली. खुर्च्या यायच्या आधी शेगडी आली. छप्पर गळत होतं, पण मासा शिजत होता.

मला फार भरून आलं. मी म्हणालो, "आम्हीही असंच करावं म्हणतो. आमचं वेगळं." आणि मग पोळ्या करपल्या नव्हत्या, हे त्याला सांगितलं. का टाकल्या ते सांगितलं. जात म्हणजे काय ते जर्मनमध्ये समजावणं सोपं नाही. पण त्याला वेळ लागला नाही. तो खरवडायचा थांबला.

म्हणाला, "गेनाऊ, अगदी असंच. आमच्याकडेही झालंय. सुरुवातीला आफ्रिकेतल्या अंगोलाहून आलेले काही जण इथं यायचे. पोर्तुगीज बोलणारेच, आमच्याच कंपनीतले. ते दाराजवळच्या टेबलावर बसायचे. तिथं बसा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इकडे या असंही कुणी म्हटलं नाही. मीही नाही."

"मग?"

"मग ते यायचे बंद झाले. त्यांनी दुसरीकडे स्वतःची जागा बघितली. आणि आम्ही काय म्हणालो माहीत आहे? बघा, त्यांनाच आमच्यात यायचं नव्हतं."

त्यानं परत खरवडायला घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर मेधाताई आल्या. कुणीतरी विचारतंय, हल्ली ते अकोल्याचे येत नाहीत का? आणि मेधाताई गोड आवाजात म्हणताहेत, अहो त्यांचं त्यांचं वेगळं असतं ना, त्यांनाच फारसं मिसळायला आवडत नाही. शब्दन् शब्द ऐकू आला मला. मी निघून गेलो असतो तर त्यांना किती सोपं झालं असतं. टोपलीत पोळ्या टाकायचीही गरज राहिली नसती.

त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं, मंडळ सोडायचं नाही.

जुलैमध्ये उन्हाळी स्नेहमेळावा. मेधाताईंचा फोन आला. "पाणी आणि पेपर प्लेट, नेहमीसारखं. उकाडा आहे, जास्तच आणा हं." मी "हो" म्हणालो.

त्या दिवशी खरोखर आग होती. जर्मनीतल्या हॉलला एसी नसतो, पंखाही नसतो. मुलांचा लेझीम झाला, मोठ्यांचा गाण्यांचा कार्यक्रम झाला. सगळे घामाघूम. मी क्रेट आणले होते, पण टेबलावर ठेवले नव्हते. किचनमधून क्लबचे काचेचे जग आणले, मनुएलचे ग्लास आणले. टेबलामागं उभा राहिलो. पहिली बाटली घेतली. झाकण फिरवलं, सील तुटल्याचा आवाज झाला. जगात ओतली. दुसरी घेतली. तिसरी. मग ग्लास भरायला लागलो. एकेक. सगळ्यांना दिसेल असं.

मेधाताई लगबगीनं आल्या. "अहो, हे काय करताय? बाटल्या कशाला उघडल्या? ज्याची तो घेतो ना. हायजीन असतं."

मी म्हणालो, "ताई, हात धुतलेत. पोळ्या लाटतानाही धुतले होते."

"कसल्या पोळ्या?"

"संक्रांतीच्या. तुम्ही तपकिरी टोपलीत टाकल्या होत्या. फॉइल पिवळ्या पिशवीत."

आवाज मी वाढवला नव्हता. पण जवळच्यांनी वळून पाहिलं, मग त्यांच्या मागच्यांनी. मेधाताईंचा चेहरा लाल झाला. "त्या... त्या कडक झाल्या होत्या," म्हणाल्या.

"एक तरी मोडून बघितली होती का?"

मी सगळ्यांकडे वळलो. जे बोललो ते पाठ केलं नव्हतं, पण शब्द आठवतात. "जय भीम. हे पाणी मी उघडलंय आणि मी ओतलंय. ज्याला तहान लागली असेल त्यानं प्यावं."

पोरं धावत आली. पोरांना काय कळतं. गटागटा प्यायली. एका बाईनं मात्र आपल्या मुलाच्या हातातला ग्लास काढून टेबलावर ठेवला आणि त्याला दंडाला धरून नेलं. मित्रा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं दोन ग्लास उचलले आणि खुर्च्यांच्या रांगेत गेली. वर्गात शिकलेलं तिच्या तोंडून निघालं. मोठ्यानं, स्वच्छ मराठीत. "पाणी घ्या."

"नको बेटा, नंतर."

"पाणी घ्या."

"आत्ता नको हं, सोनू."

माझी मुलगी पहिल्यांदा चारचौघांत मराठी बोलली, आणि मराठी माणसांनी तिला हे उत्तर दिलं. हे मी विसरणार नाही.

काही जण आले. दोन विद्यार्थी आले, एक जोडपं आलं. घटाघट प्यायले, परत मागितलं. त्यांचे आभार मानायचे असं मला वाटलं नाही. तहान लागली, पाणी प्यायले. त्यात कौतुक कसलं? बाकीचे बसून राहिले. रुमालानं मान पुसत. मग एकेक जण उठायला लागला. मला वाटलं घरी निघाले. नाही. टॉयलेटकडे. आत बेसिनच्या नळाला ओंजळ लावून पाणी पीत होते. दाराबाहेर रांग लागली. पीएचडी झालेली माणसं, कंपन्यांत टीम सांभाळणारी माणसं, संडासाशेजारच्या नळावर ओणवी. माझ्या आईनं हे बघायला पाहिजे होतं. ओंजळ खाली, धार वर. या वेळी त्यांची.

मला हसू आलं. मग हसू गेलं आणि नुसती किळस राहिली.

बसमध्ये मित्रानं विचारलं, "वारूम ट्रिंकन दी निश्त?" ते का पीत नाहीत? मी तिला सगळं सांगितलं. मराठीत. आजीची ओंजळ, निळ्या कोटातला फोटो, परत गेलेला चहा, पोळ्या, सील. काही वगळलं नाही. सुजातानं मला थांबवलं नाही. मित्रा खिडकीबाहेर बघत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग आपण परत जाणार नाही?"

मराठीत विचारलं तिनं.

"जाणार," मी म्हणालो.

आठवड्यानं मेधाताईंचा फोन आला. आवाज तसाच गोड. झाल्या प्रकाराबद्दल अक्षर नाही. "गणपतीला सगळे सुट्टीवर, म्हणून थेट दिवाळीचं ठरवतोय," म्हणाल्या. "या वेळी तुम्ही काहीच आणू नका हं. पाणीसुद्धा नको. नुसते या."

मी म्हणालो, "नुसता येणार नाही, ताई. गुळाच्या पोळ्या आणीन."

"अहो, दिवाळीला कुठं गुळाच्या पोळ्या असतात?"

"माझ्याकडे असतील. टेबलावर मी स्वतः मांडणार, मधोमध. झाकण न ठेवता. खायच्या नसतील तर खाऊ नका, जबरदस्ती नाही. पण टाकायच्या असतील तर किचनमध्ये जाऊन टाकायच्या नाहीत. टोपली मी हॉलमध्ये आणून ठेवीन. सगळ्यांच्या देखत, माझ्याकडे बघत, तुमच्या हातानं टाकायच्या. आणि दर वेळी टाकायच्या, कारण मी दर वेळी आणणार आहे."

मी फोन ठेवला.

चावी अजून माझ्याकडेच आहे. दिवाळीला दार मीच उघडणार.